वाचकांचे प्रश्न : खोली कशी वाजते?

संथ, मागे मागे राहणारं, जागेत मिसळून जाणारं संगीत, ज्याला आता सगळीकडे ॲम्बियंट म्हणतात, त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं या वेळी घेतली आहेत. बहुतेकांनी ‘काय लावू?’ असं विचारलं आहे. आमचं म्हणणं असं, की आधी खोली ऐका. स्पीकर अर्धंच काम करतो, उरलेलं भिंती, फरशी आणि छत करतात. उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : विमानतळासाठी केलेलं संगीत म्हणून ब्रायन ईनो यांचा अल्बम ऐकला. सुरुवात कुठे, शेवट कुठे काही कळत नाही, तरी कंटाळा येत नाही. हे कसं जमवलं असेल? लॅपटॉपवर घरी असं काही करता येईल का?
– बी.एस्सी.चा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : येईल. एका दुपारचं काम आहे.

ब्रिटिश संगीतकार ईनो यांनी ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ १९७८ साली केला. त्यातल्या एका भागात बायकांच्या आवाजातले सुटे सूर आहेत आणि प्रत्येक सूर टेपच्या वेगळ्या लांबीच्या वेटोळ्यावर आहे. एक साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा जवळपास सव्वीस सेकंदांनी, तिसरा जवळपास तीस सेकंदांनी. वेटोळी इतकी लांब होती, की टेप स्टुडिओतल्या खुर्च्यांभोवती फिरवून आणावी लागली. या कालावधींचा एकमेकांशी सोपा मेळ नाही, म्हणून तेच मोजके सूर दर वेळी नव्या जुळणीत भेटतात. कोणते सूर असतील हे रचनाकार ठरवतो, त्यांची गाठ कधी पडेल हे मात्र तो सोडून देतो.

तुम्ही १७, १९ आणि २३ सेकंद घ्या. तिन्ही मूळ संख्या आहेत. त्यांचा लसावि ७४२९, म्हणजे एकदा झालेली जुळणी पुन्हा यायला २ तास ३ मिनिटं ४९ सेकंद लागतील. २९ सेकंदांचा चौथा पट्टा जोडलात तर जवळपास अडीच दिवस. याउलट १६, २० आणि २४ घेतलेत तर चार मिनिटांत गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर.

आता कृती. पंखा आणि फ्रिज बंद करा. माइक तोंडापासून किंवा पेटीपासून दीड वीत लांब ठेवा आणि तीन सूर वेगवेगळे रेकॉर्ड करा, प्रत्येकी ६ ते ८ सेकंद, आवाज न हलवता. सा, प आणि वरचा रे ही जुळणी मोकळी वाटते. शुद्ध ग घातला की कान लगेच चाल शोधू लागतो, म्हणून पहिल्या खेपेला तो टाळा. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यात प्रत्येक सुराला सुरुवातीला एक सेकंदाचा चढ आणि शेवटी तीन सेकंदांचा उतार द्या. मग पुढे शांतता जोडून पहिला पट्टा बरोबर १७.००० सेकंदांचा करा, दुसरा १९.०००चा, तिसरा २३.०००चा. अर्ध्या तासाचा तुकडा हवा असेल तर ‘रिपीट’मध्ये अनुक्रमे १०५, ९४ आणि ७८ हे आकडे भरा. तिन्ही पट्टे १० डेसिबलने खाली आणा, नाहीतर तिन्ही सूर एकत्र आले की आवाज फाटतो.

बिघडतं ते ठरलेल्या दोन-तीन ठिकाणी. सुराच्या टोकाला उतार न देता कापलं, की दर फेरीला ‘टिक्’ असा आवाज येतो. पंख्याची घरघर राहून गेली, तर ती सुराबरोबर येते आणि सुराबरोबरच जाते, कुणीतरी शेजारी श्वास घेत असल्यासारखी. एकदा ती ऐकू आली की नंतर तेवढीच ऐकू येते, म्हणून सफाई रेकॉर्डिंगच्या वेळीच करा. तिसरं, हे तीन पट्टे वेगवेगळ्या फोनवर फिरवायचे असतील तर एमपी३ करू नका. त्या प्रकारात फाइलच्या आगेमागे काही मिलिसेकंदांची शांतता चिकटते. वेव्ह फाइल काढा. अर्ध्या तासाच्या स्टीरिओ फाइलला सुमारे ३०० एमबी लागतील.

प्रश्न : नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला. हॉल १० बाय १५ फूट, उंची साडेनऊ फूट, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. सामान अजून आलेलं नाही. चांगल्या ब्लूटूथ स्पीकरवर मंद संगीत लावलं तरी सगळं कालवल्यासारखं ऐकू येतं. स्पीकर बदलावा का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : स्पीकरवर पैसे घालू नका. दोष हॉलचा आहे आणि तो मोजता येतो.

१८९५च्या सुमाराला हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधलं होतं आणि तिथे बोललेलं कुणाला समजत नव्हतं. वॉलेस सेबिन या तरुण प्राध्यापकावर ते काम आलं. रात्री शांत झालं की तो ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचा. मग शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकींच्या गाद्या आणून थोड्या थोड्या मांडायचा आणि परत मोजायचा. गाद्या नसताना आवाज साडेपाच सेकंद रेंगाळत होता. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात : खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ने गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागा, आवाज विरायला लागणारे सेकंद मिळतात. शोषणाचं एकक त्याने घेतलं ते उघड्या खिडकीचं, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक एकक.

तुमच्या हॉलचं घनफळ सुमारे ४० घनमीटर. टाइल्स आपल्यावर पडलेल्या आवाजाचे शंभरातले दोन हिस्से शोषतात, प्लॅस्टर तीन. चारी भिंती, छत आणि जमीन मिळून शोषण जेमतेम २ एकक. म्हणजे आवाज तीन सेकंदांहून जास्त रेंगाळतो. ॲम्बियंट रेकॉर्डिंगमध्ये आधीच मोठ्या दालनाचा घुमार भरलेला असतो. त्यावर तुमच्या हॉलचा घुमार चढतो, एकावर एक दोन खोल्या ऐकू येतात. कालवल्यासारखं वाटतं ते यामुळे.

एक पैसाही न खर्चता खात्री करा. हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मग बाल्कनीचं सरकतं दार पूर्ण उघडून पुन्हा वाजवा. एका फळीचं दार म्हणजे साधारण १.९ चौरस मीटर, म्हणजे जवळपास दोन एकक. शोषण एकदम दुप्पट होतं, घुमार निम्म्यावर येतो. फरक कानाला स्वच्छ कळेल.

आता दार उघडं न ठेवता तेच शोषण आणायचं. भिंतभर, भरपूर चुण्यांचा जाड पडदा, ५ चौरस मीटर : अडीच एकक. जाड गालिचा, ४ चौरस मीटर : १.२. कापडी सोफा : दीडच्या आसपास. दोन माणसं : ०.९. मूळचे २ धरून ८.१ झाले. घुमार ०.८ सेकंदावर आला. घरच्या हॉलला एवढं पुरे. याच्या खाली नेण्याच्या नादात भिंती स्पंजने मढवू नका. एक इंची स्पंज फक्त वरचे, चरचरीत आवाज खातो, खालचे तसेच राहतात आणि खोली कोंदट वाटू लागते. चामड्याचा किंवा रेक्झिनचा सोफा घेणार असाल तर त्याचे दीड एकक धरू नका.

टाळीनंतर ‘टर्र्र’ असा पत्त्यांच्या पिसण्यासारखा आवाज आला तर ते वेगळं दुखणं. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा उडतो आहे. त्यांपैकी एका भिंतीला पुस्तकांचं कपाट लावा, पुस्तकं मागेपुढे ठेवा. एवढ्याने जातं.

आणि स्पीकर जवळ घ्या. चहूबाजूंना आवाज फेकणारा स्पीकर तुमच्या रिकाम्या हॉलमध्ये असेल, तर त्याच्यापासून वीतभर अंतरापलीकडे स्पीकरपेक्षा भिंतींचाच आवाज जास्त पोचतो. सामान आल्यावर हे अंतर दोन वितींवर जातं. म्हणून टीव्हीच्या कोपऱ्यातून काढून तो सोफ्याशेजारच्या तिवईवर ठेवा आणि आवाज कमी करा.

प्रश्न : दातांचा दवाखाना आहे. वेटिंग रूम २० बाय १२ फूट, फॉल्स सीलिंग साडेआठ फुटांवर. कोपऱ्यातल्या एका स्पीकरवर दिवसभर बासरी लावतो. शेजारी बसलेले ‘आवाज कमी करा’ म्हणतात, पलीकडच्यांना काही ऐकू येत नाही. रिसेप्शनवरच्या ताईंना बासरी नकोशी झाली आहे. शिवाय आतलं बोलणं बाहेर ऐकू येतं, ते वेगळंच.
– दंतवैद्य, नाशिक

उत्तर : डॉक्टर, अडचणी तीन आहेत आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

आवाज सारखा पसरण्यासाठी एका मोठ्या स्पीकरऐवजी छतात चार लहान स्पीकर बसवा, चार-पाच इंची. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून पावणेचार फुटांवर असतो, म्हणजे छत त्याच्या वर पावणेपाच फूट. स्पीकरचा पसारा ९० अंश धरला तर कानाच्या उंचीवर साडेनऊ फूट व्यासाचं वर्तुळ व्यापतं. लांबीच्या दिशेने भिंतीपासून ५ फुटांवर पहिला आणि त्यापुढे १० फुटांवर दुसरा. रुंदीच्या दिशेने भिंतीपासून ३ फूट आणि मधलं अंतर ६ फूट. सगळ्यांना मोनो जोडा. स्टीरिओ दिलंत तर डावीकडे बसलेल्याला अर्धंच वाद्य ऐकू येईल.

जोडणीत हमखास चूक होते ती अशी : ८ ओहमचे चारही स्पीकर समांतर जोडले की भार २ ओहमवर येतो आणि छोटा ॲम्प्लिफायर तापून बंद पडतो. दोन-दोन स्पीकर आधी एकामागे एक जोडा आणि मग त्या दोन जोड्या समांतर जोडा. भार परत ८ ओहम. वायरिंगवाल्याला हे कागदावर काढून द्या.

आवाजाची पातळी कानाने ठरवू नका, कारण सकाळी आणि संध्याकाळी कान वेगळं सांगतो. फोनवर डेसिबल मोजणारं ॲप घ्या. फोनचा आकडा चुकीचा असू शकतो, पण दोन आकड्यांमधला फरक भरवशाचा असतो. एसी चालू, संगीत बंद, एक आकडा. संगीत चालू करून दुसरा. फरक ३ ते ५ डेसिबल असावा. त्यापुढे गेलात की लोक नकळत मोठ्याने बोलू लागतात (हा परिणाम एत्येन लोम्बार या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११मध्ये नोंदवला), मग तुम्ही संगीत वाढवता, मग ते आणखी वाढवतात.

ताईंचं म्हणणं सगळ्यांत महत्त्वाचं माना. पेशंट वीस मिनिटं बसतो, त्या आठ तास. चाळीस मिनिटांची यादी त्यांना दिवसातून बारा वेळा ऐकावी लागते. अमेरिकेत म्युझॅक कंपनी कारखान्यांत आणि कचेऱ्यांत संगीत पुरवायची, तेव्हा त्यांचाही हिशेब पंधरा मिनिटं संगीत आणि पंधरा मिनिटं शांतता असा होता. कामाचा वेग वाढवण्याचा त्यांचा हेतू आम्हाला पटत नाही, पण शांततेचा भाग उचलण्यासारखा आहे. यादी किमान चार तासांची करा, मध्ये मध्ये दहा-पंधरा मिनिटांच्या रिकाम्या फाइल टाका आणि बंद करण्याचं बटण ताईंच्या हाताशी द्या. बासरीची धून ओळखीची असते, कान तिच्यामागे जातो. १९२०मध्ये पॅरिसला फ्रेंच रचनाकार एरिक साती यांनी मध्यंतरासाठी ‘फर्निचरसारखं’ संगीत वाजवून पाहिलं. लोकांना बोलत राहा, हिंडत राहा असं सांगितलं, तरी लोक जागेवर बसून ऐकत राहिले. चाल असेल तर असंच होतं. लांब, सपाट, ताल नसलेले सूर घ्या.

तिसरी अडचण संगीताने पुरती सुटणार नाही. आतलं बोलणं बहुधा दाराच्या खालच्या फटीतून येत असेल. आधी दाराला तळपट्टी लावा. नंतर दाराच्या बाहेरच्या बाजूला, वेटिंग रूममध्ये, पावसासारखा सगळ्या पट्ट्यांत पसरलेला मंद आवाज ठेवला तर उरलेलं बोलणं झाकलं जातं. बासरीने ते होत नाही, तिचा आवाज अरुंद पट्टीत असतो आणि शब्द तिच्या आजूबाजूने निसटतात.

घरगुती ॲपची वर्गणी दवाखान्यात वाजवण्यासाठी नसते. रेकॉर्ड केलेलं गाणं सार्वजनिक ठिकाणी लावायचं तर रचनेचे आणि ध्वनिमुद्रणाचे असे दोन वेगळे हक्क येतात आणि त्यांचे परवाने आयपीआरएस, पीपीएल अशा वेगवेगळ्या संस्था देतात. ते तपासून घ्या. फुकट ॲपवर तर मध्येच जाहिरात ओरडते, ती आधी बंद करा.

प्रश्न : रात्री झोपताना मंद संगीत लावून फोन उशाशी ठेवते. मध्यरात्री जाग येते. चांगलं की वाईट?
– गृहिणी, सोलापूर

उत्तर : उशाशी नको, पायथ्याकडच्या टेबलावर ठेवा. पंख्याच्या आवाजापेक्षा जेमतेम वर ऐकू येईल एवढाच आवाज. जाग येते ती बहुधा यादी संपून एकदम शांतता झाल्यामुळे, किंवा ॲपने आपल्या मनाने पुढचं गाणं लावल्यामुळे. झोपलेला कान आवाजापेक्षा बदलाला जास्त दचकतो. ४५ मिनिटांचा टायमर लावा, पण हळूहळू विरत बंद होणारा. ‘ऑटोप्ले’ बंद. कानात इअरफोनची बोंडं घालून झोपू नका. खोलीत तान्हं बाळ असेल तर स्पीकर पाळण्यापासून किमान सात फूट लांब.

प्रश्न : रियाजाची खोली ८ बाय १० फूट. पट्टी काळी एक. ॲपवरचा तंबोरा वूफरच्या मोठ्या स्पीकरवर लावते, स्पीकर कोपऱ्यात आहे. खर्ज इतका घुमतो की बाकीच्या तारा दबतात, आणि दोन पावलं सरकलं की तोच खर्ज नाहीसा होतो. स्पीकर बिघडलाय का? आणखी एक : ॲम्बियंट म्हणतात तो म्हणजे आपला तंबोराच ना?
– गायन शिकणारी वाचक, मिरज

उत्तर : स्पीकर चांगला आहे. तुमची खोली काळी एकमध्येच लागली आहे!

काळी एकचा खर्ज म्हणजे ६९ हर्ट्झ, सेकंदाला ६९ कंपनं. खोलीची रुंदी ८ फूट, २.४४ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर, त्याला रुंदीच्या दुपटीने भागा : ७०-७१. या कंपनाला दोन भिंतींमध्ये अर्धी लाट बरोबर मावते आणि ती जागच्या जागी उभी राहते. भिंतीजवळ तिचा जोर सर्वांत जास्त, मधोमध जवळपास शून्य. दोन पावलांत खर्ज येतो आणि जातो तो यामुळे. कोपऱ्यातला स्पीकर ही लाट पूर्ण ताकदीने हलवतो.

खात्री करायची असेल तर फोनवर सूर काढणारं ॲप घेऊन त्याच स्पीकरवर ४० ते २०० हर्ट्झ हळूहळू चढवत न्या. जिथे खोली फुगल्यासारखी वाटेल ते आकडे लिहून ठेवा. एक ५६-५७ला मिळेल (१० फुटांची लांबी), एक ७०ला आणि एक १४०च्या आसपास.

हा १४० महत्त्वाचा आहे. तुमचा मधला सा १३८.६ हर्ट्झवर आहे, म्हणजे रुंदीची दुसरी लाट त्याला जवळपास तंतोतंत लागते. म्हणून ‘स्पीकर मधोमध ठेवा’ हा नेहमीचा सल्ला तुम्हाला लागू नाही. मधोमध खर्ज शांत होईल, पण तिथेच सा उफाळेल. भिंतीपासून रुंदीच्या एक तृतीयांशावर, म्हणजे २ फूट ८ इंचांवर ठेवा. तिथे दोन्ही लाटा निम्म्या जोराने हलतात. लांबीच्या दिशेनेही कोपरा सोडा, तीन फूट पुढे या. तुम्ही स्वतः भिंतीला टेकून बसू नका. ‘बास बूस्ट’ बंद करा आणि इक्वलायझरवर ७० हर्ट्झच्या आसपास ६ डेसिबल उतरवा. पडदे आणि स्पंज इथे निरुपयोगी आहेत. या कंपनाची लाट जवळपास पाच मीटर लांब असते, दोन इंची स्पंज तिच्या खिजगणतीत नसतो. कपड्यांनी भरलेलं कपाट दार उघडून ठेवा किंवा कापसाची जाड गादी कोपऱ्यात उभी करा, त्याने थोडा फरक पडेल. लहान स्पीकर वापरलात तर हे दुखणंच उरत नाही. खऱ्या तंबोऱ्यातही जवारीमुळे वरचे स्वयंभू स्वर भरघोस असतात आणि खर्जाचा मूळ कंप त्या मानाने क्षीण असतो. वूफर जे ऐकवतो ते तंबोरा तितकं बोलतच नाही.

आता दुसरा प्रश्न. तंबोरा गाणाऱ्यासाठी आहे, तो जमीन देतो आणि त्या जमिनीवर गाणं उभं राहतं. ॲम्बियंटमध्ये ते गाणं नसतं, जमीनच ऐकायची असते. त्यामुळे दोन्ही एकच म्हणणं बरोबर नाही. नातं मात्र खरं आहे, आणि ते तुमच्या गावच्या घराण्याच्या वाटेनेच गेलं आहे. अब्दुल करीम खाँ यांच्यामुळे मिरजेशी जोडलेल्या किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७०मध्ये अमेरिकेला गेले. ला माँट यंग, मरियन झझीला आणि टेरी रायली हे तिथले कलावंत त्यांचे शिष्य झाले. यंग आणि झझीला यांनी न्यूयॉर्कच्या चर्च स्ट्रीटवर १९९३पासून एक खोली मांडली, ‘ड्रीम हाउस’ नावाची. तिथे न बदलणाऱ्या कंपनांचे सूर अखंड लावलेले असतात. सूर जागचे हलत नाहीत, हलतो तो ऐकणारा. एक पाऊल टाकलं, नुसती मान वळवली, की दुसरेच सूर वर येतात, कारण प्रत्येक सुराची उभी लाट खोलीत वेगळ्या ठिकाणी चढते आणि उतरते. तुम्हाला जो बिघाड वाटला, त्यावरच ती सगळी रचना उभी आहे.

स्पीकर हलवण्याआधी एकदा तो कोपऱ्यातच ठेवून, तंबोरा लावून खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सावकाश चाला. खर्ज कुठे बुडतो ते खडूने जमिनीवर आखा. रेघ मधोमध आली तर वरचं गणित बरोबर आहे. लक्षात येण्याइतकी सरकली तर खोलीतलं कपाट किंवा उघडं दार लाट बदलतं आहे, आणि स्पीकरची जागा त्या रेघेच्या हिशेबाने थोडी हलवा.

प्रश्न : न्यू जर्सीत राहते. आईचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, कौलारू. मागच्या खेपेला फोनवर पाऊस रेकॉर्ड करून आणला, इथे लावला तर कढईत काहीतरी तळल्यासारखा आवाज येतो. जुलैत पुन्हा जाणार आहे. नीट कसा आणू?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : उघड्यावरचा नुसता पाऊस सगळीकडून सारखाच येतो, त्याला जवळ-लांब काही नसतं. रेकॉर्डिंगमध्ये तो खरखर होतो. प्रत्यक्षात उभं असताना डोळे जागा दाखवतात, फोनला डोळे नसतात. म्हणून जागा आवाजातच पकडायची.

पडवीत बसा आणि पागोळ्यांपासून तीन-चार फुटांवर फोन ठेवा. पागोळ्यांचे थेंब सुटे सुटे पडतात, ते ‘जवळ’ झालं. वरच्या कौलांवरचा पाऊस ‘मधला’. आगराकडचे बेडूक आणि माडांवरची सर ‘लांब’. हे तीन थर एकत्र आले की कान आपोआप अंगण उभं करतो. पागोळ्या दगडावर पडतात, मातीत पडतात की साचलेल्या पाण्यात, याने आवाज पार बदलतो. आम्ही साचलेलं पाणी निवडू, त्यात थेंबाला सूर येतो. शेजारी पत्र्याची पन्हळ असेल तर तिच्यापासून लांब राहा, पत्रा बाकी सगळं गिळतो.

फोन टेबलावर ठेवू नका, टेबल घुमतं. चार घड्यांच्या गोधडीवर ठेवा. माइकच्या टोकावर पातळ लोकरी मोजा चढवा, वारा लागून होणारी धडधड त्याने थांबते. फोन विमान मोडवर टाका. साधं रेकॉर्डिंग ॲप आवाज आपोआप वरखाली करतं आणि ‘गोंगाट’ समजून पाऊसच पुसून टाकतं. तुमची कढई बहुतेक तिथूनच आली असेल. ज्यात पातळी हाताने ठरवता येते आणि वेव्ह फाइल मिळते असं ॲप घ्या, आणि सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या पुढे जाऊ देऊ नका. लाइट गेलेली असेल तेव्हा रेकॉर्डिंग सर्वांत स्वच्छ होतं, पंखा नाही, फ्रिज नाही, विहिरीवरचा पंप नाही. आणि कोकणात जुलैत ती संधी मिळतेच.

सलग अर्धा तास घ्या. एका मिनिटाचा तुकडा फिरवत ठेवलात तर त्यातला एकच कावळा दर मिनिटाला ओरडेल आणि चौथ्या फेरीला लक्षात येईल. सर ओसरू लागली म्हणून लगेच बंद करू नका. कौलं थांबल्यावरही पागोळ्या दहा-पंधरा मिनिटं गळतात, त्यांच्यातलं अंतर हळूहळू वाढत जातं. आमच्या मते सगळ्या रेकॉर्डिंगमधला तो सर्वांत सुंदर भाग असतो.

तिकडे लावताना दोन छोटे स्पीकर खिडकीच्या बाजूला, खिडकीकडे तोंड करून ठेवा, म्हणजे आवाज काचेवरून परतून बाहेरून आल्यासारखा येतो. ८० हर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाका, त्यात वाऱ्याची धडधड सोडून काही नसतं. आवाज साध्या बोलण्याच्या खाली ठेवा, मोठा केला की पुन्हा कढई. तुमच्याकडे जमिनीला कार्पेट असेल तर उत्तमच, तशी खोली स्वतः फार बोलत नाही आणि पडवी स्पष्ट ऐकू येते.

रेकॉर्डिंग चालू असताना आईने आतून हाक मारली, भांडं वाजलं, तर फाइल पुसून पुन्हा घेऊ नका. आत माजघर आहे हे ऐकणाऱ्याला त्या हाकेनेच कळतं.